बिनआवाजाची बोली

मित्रांनो, मी वेताची एक जुनी करंडी आहे. किती जुनी, ते विचारू नका. माझा एक कान, म्हणजे उचलायची मूठ, कधीच गळून पडला आहे. काठावर तीन जागी दोऱ्याने टाके घातले आहेत. तळ मात्र अजून शाबूत आहे, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा थोडा गर्वच आहे.

माझा जन्म नदीकाठच्या एका लहानशा घरात झाला. तिथे एक म्हातारा करंड्या विणत असे. तो वेत तीन दिवस पाण्यात भिजवी, गुडघ्यावर वाकवी आणि मग बोटे अशी चालवी की पाहणाऱ्याला वाटावे, वेत आपण होऊनच वळतो आहे. जन्मभर त्याने प्रत्येक करंडी माणूस पाहून विणली होती. फळे विकणारी बाई ठेंगणी असली तर करंडी बुटकी. धोबी दांडगा असला तर करंडीचे पोटही सुटलेले. मग एके दिवशी नव्याने उभ्या राहिलेल्या कापडगिरणीतून निरोप आला. दोनशे करंड्या हव्यात, आणि सगळ्या एका मापाच्या!

"एका मापाच्या करंड्या?" म्हातारा बायकोला म्हणाला. "मग आधी एका मापाची माणसं तरी शोधा म्हणावं!"

"तुम्ही माणसं शोधत बसू नका, वेत भिजवा," बायको म्हणाली. "आणि तळ दुहेरी विणा. आतलं सांडलं तर गिरणीचं नाव नाही जायचं, तुमचं जाईल."

तर असा माझा तळ दुहेरी झाला. म्हातारा कुरकुरत, मापाला एक काठी धरून, दोनशे करंड्या विणून मोकळा झाला. शेवटी त्याने आम्हा सगळ्या जणींना अंगणात रांगेने मांडले, दोन पावले मागे सरून पाहिले आणि मान हलवली. "दिसतात मात्र झकास," तो म्हणाला.

मित्रांनो, गिरणी म्हणजे काय ते मला गाडीतून उतरेपर्यंत ठाऊक नव्हते. शेताएवढी मोठी एकच खोली. छपराला तिरप्या काचा, त्यातून पडणारा दुधासारखा उजेड. त्या उजेडाखाली ओळीने तीनशे माग उभे. डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लोखंडी दांडा सतत फिरत असे आणि त्यावरून चामड्याचे लांब पट्टे खाली येऊन एकेका मागाला फिरवत. तो दांडा फिरवणारे वाफेचे इंजिन अंगणापलीकडच्या इमारतीत होते. एका भट्टीतला विस्तव तीनशे मागांना चालवत होता! मी वेताची पोर, विस्तवाला भिणारी. पण त्या दिवशी मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

माझ्यात कांड्या भरत. कांडी म्हणजे वीतभर लाकडी नळी, तिच्यावर दोरा गुंडाळलेला. ती धोट्यात बसवायची. धोटा हा होडीच्या आकाराचा लाकडी ठोकळा. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या घालून तो उभ्या दोऱ्यांमधून इकडून तिकडे असा पळे की दिसायचाच नाही, नुसता आहे असे वाटायचे. पूर्वी एका घरातले चार जण राबत तेव्हा आठवड्यात जेवढे कापड होई, तेवढे इथे एक बाई एका दिवसात काढी. हे कापड जाई कुठे, असे मला वाटे. मग कळले. पूर्वी गोरगरिबांच्या पोरांना अंगात घालायला एकच कपडा असे. तो धुतला की वाळेपर्यंत पोर उघडे बसे. आता तेच पोर दुसरा कपडा घालून खेळायला पळू लागले होते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या इंजिनाला शंभर गुन्हे माफ करायला तयार होते.

आणि त्याचा पहिला गुन्हा होता आवाज. तीनशे मागांचा एकदम खडखडाट! कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी शब्द पोहोचत नसे. मला ऐकायचे कान नाहीत, पण माझा एकेक वेत त्या आवाजाने दिवसभर थरथरत असे. मग बायकांनी काय करावे? बाईमाणूस दहा तास गप्प बसेल, असे गिरणी बांधणाऱ्याला वाटले असेल तर तो संसारी नसावा.

त्यांनी आवाज सोडून दिला आणि बोलणे ठेवले.

नुसते ओठ हलवायचे. शब्द मोठा करून, तोंड चांगले उघडून, सावकाश. समोरचीने डोळ्यांनी ऐकायचे. कोणी शिकवले नाही, कोणी पुस्तक लिहिले नाही. पहिल्या वर्षभरातच शेडमधल्या बायका या टोकाच्या मागावरून त्या टोकाच्या मागावर सुखदुःखे सांगू लागल्या. कोणाचे लग्न ठरले, कोणाची सासू रुसली, मुकादम आज कोणावर कावला, सगळे. मुकादम मध्ये उभा राहून बघे आणि त्याला वाटे, बायका जांभया देत आहेत. मित्रांनो, माणसाने वाफ कोंडून इंजिन चालवले याचे नवल सगळे करतात. त्या इंजिनाच्या छाताडावर उभे राहून या बायकांनी एक नवी बोली उभी केली, त्याचे नवल कोणी केले नाही. मी करते.

या बोलीत सर्वांत तरबेज होती ती एक विधवा विणकरीण. तिला सगळ्या जणी तोफ म्हणत. तिच्या शेजारच्या मागांवर एक तरुण विणकरीण होती. तिचा नवरा त्याच शेडमध्ये फिरून मागांना तेल घालायचे काम करी. त्या काळी बाळंतीण बाई तान्हे मूल घेऊनच कामावर येई. कोणी नको म्हणत नसे आणि दुसरा उपायही नसे. या तरुण विणकरणीने मला रिकामी करून माझ्यात जुने कापड अंथरले आणि आपली दोन महिन्यांची मुलगी माझ्यात ठेवली.

तेव्हापासून मित्रांनो, माझी झोप उडाली.

बाळाच्या नाकाशी कापसाचे तंतू जमत. ते आईला दिसले का? पांघरूण सरकून मागाच्या पट्ट्याकडे तर जात नाही ना? ती फार वेळ गप्प आहे. झोपली आहे की... नाही, नाही, पोट वरखाली होते आहे. मी दिवसभर मोजत बसे. तिच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर पिंजलेला कापूस बसे, म्हणून बायकांनी तिचे नाव पिंजी ठेवले. पिंजीची आई चार माग सांभाळत सांभाळत दर दोन मिनिटांनी वाकून बघे आणि ओठांनी म्हणे, "काय गं सोने? भूक लागली? येते हं." पिंजी तिच्या तोंडाकडे टक लावून बघे. तोफही येता-जाता वाकून काहीबाही बोले. तिच्याही तोंडाकडे पिंजी टक लावून बघे. माणसे बोलतात ती अशी, हे ती शिकत होती. तिथे तेवढेच तर शिकण्यासारखे होते!

पिंजी वर्षाची झाली आणि एके सकाळी माझ्यात उभी राहून तिने ओठ हलवले. आई. अगदी स्वच्छ. आवाजाचा प्रश्नच नव्हता. तिच्या आईने ते पाहिले आणि आनंदाने तिच्या हातून कांड्या घरंगळल्या. तोफेने ती बातमी तीनशे मागांवर पोहोचवली. मला आठवते, सगळ्या शेडने पिंजीचे तोंड भरून कौतुक केले, आणि एक शब्दही कोणाच्या कानावर पडला नाही.

ती तीन वर्षांची व्हायला आली असेल. एका दुपारी पलीकडच्या मागावर दोरा अडकला आणि धोटा वाट सोडून उडाला. तो तोफेच्या खांद्यावरून गेला आणि माझ्या काठावर आदळला. माझे तीन वेत कडाकड मोडले. पिंजी माझ्यात होती. धोटा माझ्यावर अडला, तिच्यावर नाही.

त्या दिवशी माझे जे कौतुक झाले ते मी अजून पुरवून पुरवून वापरते. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे झाली. पिंजीच्या वडिलांनी प्रत्येक मागापुढे तारेची जाळी बसवायची कल्पना काढली. मुकादमाने आधी नाक मुरडले, मग जाळ्या बसल्या, आणि धोटा कोणाच्या अंगावर उडणे थांबले. दुसरा हुकूमही निघाला. उद्यापासून शेडमध्ये लहान मुले आणायची नाहीत. हुकूम शहाणपणाचा होता. पण मूल ठेवायचे कुठे, ते हुकमात लिहिलेले नव्हते.

मी मोडकी म्हणून मला मोडीत काढले होते. पिंजीच्या आईने मला मागून घेतले, टाके घातले आणि घरी नेले. पिंजीच्या वडिलांनी मला दोरी बांधली. पिंजी मला गाडीसारखी ओढत जिथे तिथे नेऊ लागली.

आणि पिंजीला सांभाळायला गावाहून आजी आली.

आजी म्हणजे वडिलांची आई. तिने जन्मभर घरच्या हातमागावर कापड विणले होते. गिरणीचे स्वस्त कापड बाजारात आले आणि तिचे कापड पडून राहू लागले. शेवटी तिने माग मोडला. त्याच्या लाकडाची खाट करून घेतली आणि ती खाट घेऊनच मुलाकडे आली. तिच्या मनात गिरणीबद्दल काय असेल, ते समजण्यासारखे आहे. पहिल्याच दिवशी तिने सुनेने आणलेले गिरणीचे कापड उजेडात धरले, बोटांनी चाचपले, उलटे केले, पुन्हा चाचपले. अर्धा तास ती त्यात चूक शोधत होती.

"मेलं, सापडतच नाही," ती शेवटी म्हणाली, आणि कापड अगदी नीट घडी करून ठेवले.

हातमागाच्या घरातले बोलणे वेगळे असते मित्रांनो. तिथे मान खाली, नजर दोऱ्यावर आणि कान उघडे. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. आजी रहाटावर सूत गुंडाळत खाली मान घालून पिंजीशी बोले. पिंजी समोर बसून उत्तर देई. चांगले मोठे तोंड उघडून, सावकाश. आजी वर बघायचीच नाही. मग पिंजी कंटाळून माझ्यात येऊन बसे आणि मला सांगे. मला ते सगळे कळत होते. पण मी पडले करंडी. मला कान नाहीत, तसे तोंडही नाही.

आठ दिवसांनी आजीने संध्याकाळी विषय काढला.

"सूनबाई, राग नको मानूस. पण पोरगी अजून बोलत नाही."

"बोलत नाही? अहो आई, एक मिनिट तोंड बंद नसतं तिचं!"

"मी दिवसभर घरात आहे. एक शब्द ऐकला नाही."

"आई, काल मला म्हणाली की, 'बाबा, टोपी द्या,'" वडील म्हणाले.

"मग मीच बहिरी, असं म्हणा ना सरळ!" आजी कडाडली.

यात खोटे कोणीच बोलत नव्हते. आईवडील लेकीशी ज्या बोलीत पहिल्यांदा बोलले त्याच बोलीत घरीही बोलत. सासूशी, शेजाऱ्यांशी आईचा आवाज मोठा असे. पिंजीकडे वळली की तो आपोआप नाहीसा होई, आणि हे तिचे तिलाही ठाऊक नव्हते. चाळीच्या भिंती पातळ. नवराबायकोही एकमेकांशी ओठांनीच बोलत. आजी ते बघे. तोंडे हलताहेत आणि ऐकू काहीच येत नाही. दुपारी मुलगा-सून कामावर गेलेली आणि पिंजी निजलेली असताना ती कोमट तेलाचे दोन थेंब कानात घाली आणि मान तिरकी करून खाटेवर पडून राही. हे फक्त मी पाहिले. म्हातारीला वाटत होते, आपले कान चालले. ज्या घरी आसऱ्याला आलो तिथे बहिरी म्हणून ओझे व्हायचे? म्हणून ती ते कोणाला सांगत नव्हती.

त्याच सुमारास गिरणीने कामगारांच्या मुलांसाठी अंगणाच्या कडेला एक बालशाळा काढली. तीन वर्षांचे झालेले मूल तिथे दिवसभर ठेवता येणार होते. केवढी सोय! पिंजीची आई तिला घेऊन गेली. पिंजी अर्थातच मला घेऊन गेली. शाळेच्या बाई भल्या होत्या, पण त्यांच्यापुढे नावे घालण्यासाठी साठ मुले होती.

"नाव काय बाळ तुझं?" त्यांनी वहीतून मान वर न काढता विचारले.

पिंजीने सांगितले.

"नाव काय?" बाईंनी पुन्हा विचारले.

पिंजीने पुन्हा सांगितले, अगदी सावकाश. आईने अभिमानाने मान हलवली. बाईंनी उठून पिंजीच्या पाठीमागे टाळी वाजवली. पिंजी दचकून वळली.

"ऐकू येतं हिला," बाई म्हणाल्या. "पण वाचा नाही."

"अहो बाई, आत्ताच तर बोलली!"

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आईला तसं वाटतं," त्या अगदी मायेने म्हणाल्या.

मित्रांनो, रागाने बोललेल्या शब्दाला उत्तर देता येते. मायेने बोललेल्या शब्दाला काय उत्तर द्यायचे?

बाईंनी एक पत्र लिहून दिले. दूरच्या शहरात मुक्या मुलांची एक चांगली शाळा होती. मुलांना तिथेच राहावे लागे आणि वर्षातून एकदा घरी येता येई. येत्या सोमवारी गिरणीची मालगाडी त्या शहराला जाणार होती. मुकादमाची सही झाली की पिंजीला त्या गाडीतून पाठवता येणार होते. वडिलांना काय करावे सुचेना. आजी म्हणाली, "पोरीचं भलं होत असेल तर काळजावर दगड ठेवायला हवा." आई म्हणाली, "मी नाही सही घ्यायची." शेवटी आजीच उठली. बुधवारी तिने पत्र कनवटीला लावले, एका हातात पिंजीचा हात धरला, पिंजीने दुसऱ्या हाताने माझी दोरी धरली, आणि आम्ही गिरणीत निघालो.

आजीने मागांची शेड कधी पाहिली नव्हती. दारातच तिने कानांवर हात ठेवले. मग हळूहळू तिचे हात खाली आले. ती बघतच राहिली. धोटे पळत होते, कापड पाण्यासारखे खाली उतरत होते. तिची सून चार मागांमध्ये अशी फिरत होती की जणू चार वात्रट लेकरांना एकदम जेवू घालते आहे. तुटलेला दोरा दिसायच्या आधीच तिचे बोट तिथे पोहोचत होते. जन्मभर माग चालवलेल्या बाईला ते किती कठीण आहे, हे कोणी सांगायला नको होते. तिचे डोळे भरून आले. दुःखाने नव्हे. एका विणकरणीने दुसरीला पाहिले होते.

तेवढ्यात दुपारच्या सुट्टीची घंटा झाली. इंजिन थांबले. पट्टे मंदावले, धोटे एकेक करून निजले. शेड एकदम शांत झाली. कुठल्याशा मागाखाली तेलाचा थेंब पडला. टप्प.

पिंजीच्या आईने हात पुसले, लेकीपुढे वाकली आणि काहीतरी विचारले. पिंजीने उत्तर दिले. आईने तिला पेल्यात पाणी ओतून दिले.

आजी जागच्या जागी थिजली.

"सूनबाई, आत्ता तिला काय म्हणालीस?"

"तहान लागली का, विचारलं."

"आणि ती?"

"थोडंसंच दे, म्हणाली."

"पुन्हा विचार बघू."

आईने पुन्हा विचारले. पिंजीने पुन्हा सांगितले. टप्प.

"हा थेंब ऐकला मी," आजी म्हणाली. "तो तिकडे पडलेला थेंब ऐकला. तुझं बोलणं नाही ऐकलं. अगं, तू बोललीच नाहीस!"

"काहीतरीच काय, आई! ही काय, तुमच्यासमोर तर बोलले. हो की नाही गं?" आईने तोफेकडे पाहिले.

"बोलली की," तोफ म्हणाली. "आणि पोरगी म्हणाली, 'थोडंसंच.' मी स्वतः..." तोफ आयुष्यात पहिल्यांदा वाक्याच्या मध्येच अडली. "मी पाहिलं," ती हळूच म्हणाली.

पिंजीच्या आईने लेकीला जवळ ओढले. "म्हणजे मीच! माझ्यामुळेच माझं लेकरू मुकं..."

"मुकं कशानं?" तोफ उसळली. "या खडखडाटात बोलून दाखवा म्हणावं शाळेच्या बाईंना! ही वर्षाची असल्यापासून बोलतेय!"

आणि आजी? आजी हसत होती, डोळे पुशीत होती आणि पुन्हा हसत होती. "माझे कान चांगले आहेत," ती म्हणत होती. "मेल्यांनो, माझे कान चांगले आहेत! तेल घालून घालून उशी नासवली मी!"

आजी सहीसाठी आली आहे असे कळून मुकादम आला. "आजीबाई, सही कशावर करायची?"

"सोमवारी सांगते," आजी म्हणाली आणि पत्र पुन्हा कनवटीला खोचले.

पण दुखणे कळले म्हणून औषध सापडतेच असे नाही. हातात चार दिवस होते. पिंजीला वाचा होती. ती रडे मोठ्याने, हसे मोठ्याने. पण शब्दांना आवाज जोडायचा असतो, हे तिला पटतच नव्हते. वडील म्हणाले, "ओरड!" तिने तोंड आणखी मोठे उघडले. तोफेने गुदगुल्या केल्या, ती नुसती हसली. आई मोठ्याने बोलायला लागली की पिंजी तिच्या ओठांकडे बघून नेहमीसारखे उत्तर देई. ते आईला समजे आणि समजले की आईचा हात आपसूक पुढे होई. लेकराने पाणी मागितले ते दिसत असताना आईने दिसले नाही असे कसे म्हणायचे?

"तुला नाही जमायचं," आजी शनिवारी म्हणाली. "तुझे डोळे फार शहाणे आहेत. मला माझं अडाणीपण वापरू दे."

रविवारी गिरणीला सुट्टी होती. आजी सकाळीच खाटेवर बसली आणि तिने डोळे मिटून घेतले. पिंजी मला ओढत तिच्यापुढे आली, माझ्यात बसली आणि तिने आपली बाहुली मागितली. बाहुली आजीच्या मांडीवर होती.

"काय गं?" आजी डोळे मिटूनच म्हणाली. "मला ऐकव."

पिंजीने तोंड मोठे करून पुन्हा मागितली. आजीने डोळे उघडले नाहीत. पिंजी खाटेवर चढली आणि दोन्ही हातांनी तिच्या पापण्या उचलू लागली. आजीने त्या घट्ट मिटल्या. दारात आई उभी होती, पदर तोंडात धरून. वडील तिच्या मागे. आई मध्येच पुढे होऊ लागली तेव्हा वडिलांनी तिचा हात धरला. पिंजी खाली उतरली, पुन्हा चढली. ती रडली, रुसली, माझ्यात येऊन पाठ फिरवून बसली. दुपार होत आली. आजी जेवायला उठली नाही. माझ्या वेतावेतातून धडधड चालली होती. उद्याची गाडी मला आत्ताच दिसत होती.

मग पिंजी तिसऱ्यांदा खाटेवर चढली. तिने आजीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, गदागदा हलवला, आणि तिच्या रागातून एक जाडाभरडा, खरखरीत, कधीच न वापरलेला आवाज बाहेर पडला.

"आजी, डोळे!"

आजीने डोळे उघडले. पिंजी स्वतःच इतकी दचकली की तिने मागे वळून पाहिले, कोण बोलले म्हणून.

सोमवारी शाळेच्या बाईंनी नेहमीप्रमाणे वहीत मान घालून विचारले, "नाव काय?"

"वर बघा," टेबलाखालून उत्तर आले.

बाईंनी वर पाहिले. मग खाली, पिंजीकडे पाहिले. मग पिंजीने आपले नाव सांगितले, एवढ्या मोठ्याने की ओळीतली मुले मागे सरली. आवाज किती काढायचा, हे शिकायला तिला पुढे वर्ष लागले. बाईंनी आजीकडून ते पत्र घेतले, पिंजीच्या आईपुढे हात जोडले आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगत होतात. माझंच लक्ष नव्हतं." मालगाडी गेली. त्या शहरातल्या शाळेत ज्यांना खरोखर जायला हवे होते ती मुले गेली, आणि ऐकते की तिथे हातांनी बोलायला शिकून सुखी झाली.

पिंजीने आपली पहिली बोली टाकली नाही. महिन्याभरात तिने ती साऱ्या वर्गाला शिकवली. बाईंना वाटे, यंदाची मुले फारच शांत आहेत. पाठमोरे होऊन त्या फळ्यावर लिहीत आणि मागे साठ तोंडे अखंड चालू असत!

मित्रांनो, आता मी त्याच शाळेच्या कोपऱ्यात असते. माझ्यात कोणी पाट्या टाकते, कोणी भिजलेल्या टोप्या. मला मात्र कोणी कधी झटकत नाही. ती गिरणीही कधीच बंद झाली, पण ज्यांनी ती चालवली त्यांची शहाणी बोटे आणि बोलके ओठ मी विसरलेली नाही. यंत्राचे कौतुक करा, त्याने जगाला वस्त्र दिले. यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचे त्याहून करा.

माझे मागणे फार नाही. माझ्यात ओले काही ठेवू नका, वेत कुजतो. काठाचा एक टाका सुटला आहे, तोही कोणी घालावा. पण तुमच्या घरी एखादे लहान मूल असेल, आणि याला काही बोलता येत नाही, असे सगळ्यांनी ठरवून टाकले असेल, तर हातातले काम क्षणभर खाली ठेवा. त्याच्या उंचीला या. ते आपल्या परीने कधीपासून बोलत असेल. माझा टाका उद्या घातलात तरी चालेल. त्याच्याकडे मात्र आजच बघा.